नळाच्या दिवशीचे बुडबुडे

अकोल्यात नळ रोज येत नाहीत. आज कोणत्या भागात आले हे मला कोणी सांगायची गरज नसते, कारण त्या भागातून सकाळीच फोन सुरू होतात. फोनवरचे वाक्य ठरलेले असते. ‘भाऊ, टँकमधे बुडबुडे आले.’

पुढची प्रश्नोत्तरेही ठरलेली आहेत. पाणी बदललं का, असे मी विचारतो. उत्तर येते, नाही. नळ आला होता का? हो. मग पाणी बदललं ना? यावर पलीकडचा माणूस समजावणीच्या सुरात सांगतो, ‘बदललं नाई भाऊ. ताजं केलं.’

मी माशांच्या काचेच्या टाक्या विकतो, घरी जाऊन बसवून देतो आणि साफ करतो. दुकानाच्या पाटीवर सुरुवातीला ‘मत्स्यालय’ असे लिहिले होते. पहिल्याच आठवड्यात दोघे जण पापलेट विचारून गेले, तेव्हा पाटी बदलली. त्याआधी अमरावतीला एका दैनिकात वृत्तसंपादनाच्या टेबलावर नोकरी केली. तालुक्यांतून आलेल्या बातम्यांतली विशेषणे काढायची, ‘असे समजते’ लिहिले असेल तर कोणाला समजले ते विचारायचे, हे काम. तिथून या धंद्यात का आलो ही वेगळी हकीकत आहे आणि ती फारशी रंजक नाही. मात्र दोन्ही कामांत एक गोष्ट सारखी आढळली. घटना सांगणारा माणूस काय झाले ते सांगत नाही, कोणामुळे झाले ते सांगतो.

बुडबुडे म्हणजे काय ते इथे एकदा लिहून टाकतो. हा अंक हातात घेणारे तरी यापुढे फोन करणार नाहीत, अशी आशा आहे.

नळाचे पाणी पाइपातून दाबाखाली येते. दाबाखालच्या गार पाण्यात हवा जास्त मुरलेली असते. ते पाणी टाकीत पडले, दाब गेला, खोलीच्या उबेने थोडे कोमट झाले, की ती हवा बाहेर पडू लागते. सोड्याची बाटली उघडल्यावर होते तेच. काचेच्या पेल्यात नळाचे पाणी भरून ठेवले तर थोड्या वेळाने पेल्याच्या आतून बारीक मणी चिकटलेले दिसतात. ते काचेवर बसतात, हिरव्या वनस्पतींवर बसतात, माशाच्या पाठीवरही बसतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत आपणहून निघून जातात. त्यांच्यासाठी काही करावे लागत नाही. आमच्याकडे यात टिल्लू पंपाची भर पडते. नळाला धार नसते म्हणून लोक टिल्लू लावतात. तो पाण्याबरोबर पाइपातली हवाही ओढतो, दोन्ही घुसळतो आणि टाकीत सोडतो. पाणी दुधासारखे दिसते. हवा फारच झाली तर माशाला त्रास होतो, पण मासे मरतात ते सहसा बुडबुड्यांनी नव्हे.

मरतात ते दोन कारणांनी. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरिन टाकलेले असते. ते माणसाला चालते, माशाचे कल्ले जाळते. दुसरे कारण असे, की टाकीतल्या वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात माशांची घाण पचवणारे उपयोगी जंतू वाढलेले असतात. सगळे पाणी काढून, वाळू नळाखाली खळखळून धुऊन टाकी नव्याने भरली, की तेही संपतात. म्हणून पाव टाकीएवढेच पाणी बदलायचे आणि तेही एक दिवस उघड्या बादलीत ठेवलेले, एवढा साधा नियम आहे. ताजे पाणी आत आले एवढेच बुडबुडे सांगतात. ते साक्षीदार आहेत. लोक मात्र दर वेळी साक्षीदारालाच धरतात आणि आरोपीला चहा पाजतात.

सुरुवातीला दुकान अमरावतीलाच होते. तेव्हा वलगावचे एक गृहस्थ प्लॅस्टिकच्या पिशवीत मासा घेऊन आले. माशाच्या अंगावर मोती उगवले आहेत, तो रोग आहे की शुभ आहे, एवढेच त्यांना हवे होते. येईपर्यंत बुडबुडे फुटून मासा स्वच्छ झाला होता. त्यांनी पिशवी उजेडात धरून तळ नीट तपासला आणि म्हणाले, ‘गाडीत बाजूले एक मानूस बसला होता. मले तवाच संशय आला.’

दर्यापूरच्या एका बाईंकडे गुरामी जातीचे मासे होते. या जातीचा नर पाण्याच्या पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि मादीची अंडी त्यात सांभाळतो. बाई रोज सकाळी चहाच्या गाळणीने ते घरटे काढून मोरीत टाकत. मासा घाण करतो, अशी त्यांची तक्रार होती. मी सांगितले, ते त्याचे घर आहे.

‘मंग रोज रोज काहून बांधते?’ त्यांनी विचारले.

‘तुम्ही रोज मोडता म्हणून.’

बाईंनी गाळणी खाली ठेवली नाही. ‘पाहू कोन थकते ते,’ म्हणाल्या.

अकोल्यातल्या एकाने काच कपड्याच्या पावडरने धुतली होती. त्याच्याकडचे बुडबुडे अस्सल साबणाचे होते. सगळे मासे गेले होते. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, ‘पन काच पाहा ना भाऊ, कशी चमकून राहिली.’

हे लोक मूर्ख नाहीत. त्यांची एक रीत आहे आणि ती माझ्या नियमाच्या बरोबर उलटी आहे. नळ येतो त्या सकाळी घरातली सगळी भांडी पालथी होतात. माठ, पितळी गुंड, पिंप, बादल्या. आदल्या संध्याकाळपर्यंत जे पाणी तांब्या-तांब्याने जपून वापरले, ते नळाचा पहिला आवाज आला की शिळे ठरते. वाया जात नाही. झाडांना जाते, अंगण धुवायला जाते. पण पिण्याच्या भांड्यात ते राहत नाही. भांडी घासून ताजे भरायचे. वरच्या टाकीत बोअरचे पाणी असते, पण आमचा खारपाणपट्टा, ते वापरण्यापुरते. चहात टाकले तर चहा फुटतो. म्हणून नळाचे ताजे पाणी ही घरातली चांगली वस्तू. पाहुण्याला शिळे पाणी द्यायचे नसते, देवाला तर नाहीच. मग घरात राहणाऱ्या माशांना का द्यायचे? या प्रश्नाचे उत्तर मी इतकी वर्षे देतो आहे आणि ते अजून कोणालाही पटलेले नाही.

या रीतीपायी सर्वांत जास्त डोके उठवले ते दोन भावांच्या घराने.

घर अकोल्यातल्या एका जुन्या लेआउटमधले, स्लॅबचे. थोरले रमेशभाऊ, त्यांचे बी-बियाण्याचे दुकान. धाकटे दिलीपभाऊ विम्याचे काम करतात. वडील होते तोवर घर एक होते. बैठकीची खोली आणि जेवणाची खोली यांच्यामधल्या भिंतीत खिडकीएवढी जागा मोकळी सोडून तिथे मी चार फुटी टाकी बसवून दिली होती. दोन्ही खोल्यांतून मासे दिसायचे. टाकीच्या वर हात घालून खाणे टाकता येईल एवढी फट ठेवली होती. वडील गेले, वाटणी झाली आणि घर नेमके त्याच भिंतीवर तुटले. बैठकीची खोली रमेशभाऊंकडे गेली. जेवणाची खोली दिलीपभाऊंची बैठक झाली. दारे बुजवली गेली, फाटके दोन झाली. भांडण कशावरून झाले हे मी विचारले नव्हते. दोघांनीही आपापल्या खोलीत बसवून आपणहून सांगितले. दोन हकीकतींत वडिलांचे नाव सोडले तर काहीही जुळत नव्हते.

टाकी कोणाची हे ठरले नाही, म्हणून ती दोघांची राहिली. दिव्याची वायर रमेशभाऊंच्या बोर्डावर होती, हवेच्या पंपाची दिलीपभाऊंच्या. वाद तापला की एक जण दिवा घालवी, दुसरा हवा बंद करी. त्यातल्या मोठ्या नारिंगी गोल्डफिशला रमेशभाऊंकडे शेरू म्हणत, दिलीपभाऊंकडे लाडू. मासा दोन्ही नावांकडे सारखेच दुर्लक्ष करी.

दोघांची आई महिना-महिना वाटून घेतलेली होती. सगळे तिला माय म्हणत, मीही म्हणू लागलो. माहेर दर्यापूरकडचे, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले, हात मात्र शाबूत. ती कोणाकडे जास्त जेवली, कोणाच्या घरी तिचा रक्तदाब वाढला, यावरूनही वाद झाले होते. तेव्हा दोघांनी नियम केला, की ज्याचा महिना चालू असेल त्याच्याकडे तिने राहायचे आणि त्या महिन्यात दुसऱ्याच्या दारात जायचे नाही. मधली भिंत एका विटेची.

त्यामुळे पलीकडचे घर मायला दिसायचे ते टाकीतून. संध्याकाळी ती स्टूल ओढून काचेसमोर बसायची. पलीकडून नातवंडे काचेला नाक लावायची. पाण्यातून चेहरे मोठे आणि जरा हलते दिसतात. माय गोळ्यांची पट्टी काचेला लावून दाखवायची, म्हणजे आजची गोळी घेतली. पलीकडची सून मान हलवायची. कोणाला ताप आला, कोणाचे केस कापले, नवा पंखा लावला, हे सगळे तिला टाकीतून कळत होते. बोटातल्या अंगठीने ती काचेवर टकटक करी. मासे दचकतात, काच वाजवू नका, असे मी तिला अनेकदा सांगितले.

‘मासे दचकले त दचकले,’ ती म्हणे. ‘पोट्टं त वरतं पाहाते.’

मग मासे मरू लागले.

आधी रमेशभाऊंचा फोन आला. ‘त्या बाजूनं काहीतरी टाकून राहिले. या, फेस पाहून जा.’ मी गेलो. काच बुडबुड्यांनी भरली होती, पाण्याला क्लोरिनचा वास येत होता. मी त्यांना सोड्याच्या बाटलीचे उदाहरण दिले. फाटकातून बाहेर पडलो तर शेजारच्या फाटकात दिलीपभाऊ उभे. ‘काय म्हनत होता? आमचंच नाव घेत असंन.’ त्यांनाही सोड्याची बाटली सांगितली. दोन्ही घरांत एकच प्रश्न विचारला, पाणी कोणी बदलले? दोन्ही घरांत उत्तर एकच मिळाले, ‘आमी हात लावला नाई.’ थोरल्या सूनबाई मंदाताईंनी मुलांची शपथ घेतली. धाकट्या सुषमाताईंनीही घेतली. मी क्लोरिन मारणारे थेंब टाकले, पंप सुरू करायला लावला आणि निघालो.

पुढच्या नळाच्या दिवशी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वेळीही. एकेक मासा कमी होत होता. वरच्या फटीला दोन्हीकडून झडपा आणि कुलपे लावू, असे मी सुचवले. कुलूप दोघांना मान्य होते. दुसऱ्याकडे किल्ली असणे मान्य नव्हते. मी दुकानात बसून विचार करायचो, की टेबलावर असतो तर ‘दोन्ही बाजूंनी आरोप फेटाळले’ असे एका ओळीत लिहून मोकळा झालो असतो. इथे मात्र थेंबांची बाटली घेऊन पुन्हा जायचे होते.

शेवटी रमेशभाऊंनी मला निर्णय सांगितला. आता एक जरी मासा मेला तर टाकी काढायची आणि ती जागा विटांनी बुजवून टाकायची. हे पलीकडे जाऊन सांगा, म्हणाले. मी पलीकडे जाऊन सांगितले. दिलीपभाऊ म्हणाले, ‘आज बांधत असंन त आज बांध म्हना.’ वाटणीनंतर दोघांचे एकमत झालेला हा पहिलाच मुद्दा होता.

त्या महिन्यात माय रमेशभाऊंकडे होती. मी गाडीला किक मारत होतो, तेवढ्यात ती फाटकाला धरत बाहेर आली.

‘बापू, भित बांधतीन का खरंच?’

मी म्हणालो, मासे मेले तर बांधतील.

‘मंग मले दिलीपचे पोट्टे कसे दिसतीन?’

मी म्हणालो, ‘माशांना जपा, म्हणजे झालं.’

‘जपतो बाप्पा. मी असल्यावर त्याइले काय होते,’ ती म्हणाली.

पुढचा नळ आला त्या सकाळी फोनवर रमेशभाऊ फक्त ‘या’ म्हणाले. गेलो तर दाराशी विटा रचलेल्या, बैठकीत फरशीवर पोते अंथरून त्यावर मिस्त्री बसलेला आणि घमेल्यात सिमेंट कालवून तयार. टाकीत काहीही दिसत नव्हते. पाणी पांढरे झाले होते, काचेवर बुडबुड्यांचा थर होता. हाताने आतून काच पुसली तेव्हा मोठा नारिंगी मासा एका कुशीवर कललेला दिसला, दुसरा वर तोंड काढून हवा गिळत होता. तिसरा, लहान काळा, वनस्पतीत अडकलेला होता, त्याचे काही कळत नव्हते.

‘पत्रकारसायेब, पाहा आपल्या डोळ्यानं,’ रमेशभाऊ म्हणाले. ‘मंग मनू नका का आमी खोटं बोलतो.’

पलीकडे दिलीपभाऊ उभे होते. वरच्या फटीतून आवाज आला. ‘त्याले इचारा, सकाळी सकाळी त्याच्या घरात कोन खुडबुड करून राहिलं होतं.’

‘माह्या घरात मी काईही करन! तू कान लावून बसतं का भितीले?’

‘कान लावाची गरजच नाई. टिल्लू लावला का अख्ख्या लाइनीले आयकू येते तुह्या घरचा.’

‘भाऊ,’ मिस्त्री म्हणाला, ‘माल वाळून राहिला.’

मी दोघांनाही थांबायला सांगितले. थेंब टाकले. दिलीपभाऊंना पंपाचे बटण दाबायला लावले. हवेची नळी खाली तळाशी नेली, म्हणजे पाणी ढवळून जास्तीची हवा वर निघून जाईल. मग सांगितले, ‘यात विष नाही, औषध नाही. सगळं पाणी काढून नळाचं भरलंय आणि टिल्लूने भरलंय. तेही आज सकाळीच. बुडबुडे अजून काचेला तसेच आहेत.’

‘आमी नाई,’ रमेशभाऊ म्हणाले.

‘आमी त बिलकुलच नाई,’ वरून आवाज आला.

‘मी स्वैपाकात होती,’ मंदाताई म्हणाल्या.

‘अन् मी काय टाकीत उतरली होती का?’ पलीकडून सुषमाताई.

‘मीच भरलं ना,’ माय म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात रबरी पाइपाचे भेंडोळे. कोणी तिच्याकडे लक्ष दिले नाही. रमेशभाऊ दिलीपभाऊंना, दिलीपभाऊ मला उद्देशून काहीतरी बोलत होते.

‘अबे, मी भरलं मनून सांगून राहिली ना मी!’

रमेशभाऊ तिच्याकडे वळले.

‘काहून?’ त्यांनी विचारले.

‘काहून म्हंजे? नळ आला होता. गुंड भरला, पिंप भरलं, तुह्या दुकानाची बाटली भरली. याइलेच शिळं ठेवू? एका पाइपानं काढाचं, एकानं भराचं. गोटेबी धुतले चांगले.’ मग माझ्याकडे बोट करून, ‘हा बापूच त मनला, माशाइले जप. म्हनून या बारीले चांगलं काठोकाठ भरलं.’

वरच्या फटीतून दिलीपभाऊंचा आवाज आला, आता बराच खाली. ‘माय, अन् माह्याकडे होती तवा?’

‘तवाबी मीच. जिकडं असली तिकडून भरतो. तुमी उठाच्या आदी होते माहं.’

‘मंग सांगितलं काहून नाई?’

‘मले कोनं इचारलं? तुमी एकमेकाच्या नावानं बोंबलून राहिले. मी मनलं, वाटनीचंच काई असंन.’

मी हा पेशा आणि त्याआधीचा पेशा मिळून बरीच भांडणे पाहिली आहेत. दोष देण्यासाठी समोर कोणी उरले नाही, की भांडणाऱ्यांची जी पंचाईत होते तेवढी हरल्यानेही होत नाही. रमेशभाऊंनी विटांकडे पाहिले.

‘ते काई असो,’ ते म्हणाले. ‘ठरलं ते ठरलं. काढा ते टाकी. रोजचा तमाशा आहे.’

‘काढा,’ पलीकडून आले. ‘माहं काई मननं नाई.’

मिस्त्री थापी घेऊन उठला. मी टाकीची वायर सोडवायला वाकलो. मायने पाइप खाली ठेवला आणि स्टुलावर बसली.

‘काढा,’ ती म्हणाली. ‘पन आदी एक सांगा. भित झाल्यावर मी कोन्या बाजूले असाची?’

‘कोन्या म्हंजे? जसा महिना असंन तसं,’ रमेशभाऊ म्हणाले.

‘महिन्याचं सांगू नोको. आतापरेंत मी महिना इकडं राहो का तिकडं, दोघंबी दिसत होते. म्हनून चालून गेलं. आता एकच दिसंन. मंग मी एकाच घरी राहीन. कोन ठेवते मले, अन् कोन सोडते, ते बोला. मिस्तरी खोळंबला आहे.’

ती रागावलेली नव्हती. रडतही नव्हती. भाजीचा भाव विचारावा तसे विचारून ती थांबली.

मंदाताई पदर तोंडाला लावून आत गेल्या. पंपाची घरघर तेवढी चालू होती. पाणी हळूहळू निवळू लागले. आधी वाळू दिसली, मग वनस्पती, मग पाण्यापलीकडे दिलीपभाऊंचा चेहरा. ते काचेजवळ आलेले होते. नारिंगी मासा सरळ झाला होता. लहान काळा मासा वनस्पतीतून सुटून वर आला, तो मेलेला होता.

मी जाळीने तो काढला. रमेशभाऊंनी पाहिला. काचेतून दिलीपभाऊंनीही पाहिला. एक जरी मासा मेला तर, असे दोघांनीच ठरवले होते आणि निरोप घेऊन मीच गेलो होतो. दोघांपैकी कोणीही त्या माशाचा उल्लेख केला नाही. मी तो वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून खिशात ठेवला.

‘भाऊ,’ मिस्त्री म्हणाला, ‘नाई बांधाचं त नाई. पन कालवलेला माल आहे. काहीतरी बांधाच लागते.’

उत्तर सुषमाताईंनी दिले, फटीतून. ‘मायले बसाले ओटा बांधा टाकीखाली. त्या स्टुलावरून पडल्या एखाद दिवशी त मंग म्हनसान.’

रमेशभाऊंनी मान न वळवता मिस्त्रीला भिंतीपाशी जागा दाखवली. ‘बांध इथं.’

‘अन् इकडं?’ दिलीपभाऊ म्हणाले. ‘पुढच्या महिन्यात इकडं काय उभ्यानं पाहीन ते?’

मिस्त्रीने विटांकडे नजर टाकली आणि पुरतील म्हणाला.

तो आखणी करत होता तेवढ्यात मी मायला एकदा शेवटचे समजावून पाहिले. पुढचा नळ आला की टाकीला हात लावायचा नाही. एक बादली भरून बाजूला उघडी ठेवायची, दुसऱ्या दिवशी तेवढीच ओतायची.

‘एक दिवस ठेवलं म्हंजे शिळंच झालं ना ते.’

‘माशांना शिळंच लागतं, माय.’

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. माणूस वाईट नाही, पण घरी काही शिकवलेले दिसत नाही, अशा नजरेने. ‘एकच बादली,’ ती शेवटी म्हणाली. ‘पन बादली घासलेली राहीन.’ मी तेवढ्यावर तडजोड केली.

मग विटा पलीकडे न्यायचा प्रश्न आला. सरळ मार्ग म्हणजे फाटकातून बाहेर, रस्त्यावरून, दुसऱ्या फाटकातून आत. रमेशभाऊंनी एक वीट उचलली, दाराकडे दोन पावले टाकली, थांबले. रस्त्यावर शेजारी उभे होते. ते परत फिरले, टाचा उंचावून त्यांनी वीट टाकीच्या वरच्या फटीत धरली. पलीकडून दिलीपभाऊंचा हात आला आणि त्याने ती घेतली. मग दुसरी.

‘टाकीवरून नका देऊ,’ मी म्हणालो. ‘पडली तर काच जाईल.’

तिसरी वीट गेली.

‘रमेशभाऊ, खाली मासे आहेत. दारातून न्या.’

‘तू थांब ना बापू,’ माय म्हणाली. ‘देऊ दे.’

‘धर नीट,’ रमेशभाऊ फटीत म्हणाले. मला नव्हे.

‘धरलं,’ पलीकडून आले.

माझे कोणी ऐकत नव्हते. विटा एकेक करून चार फुटी टाकीच्या पाण्यावरून, दोन माशांच्या डोक्यावरून, भिंतीच्या या बाजूकडून त्या बाजूला जात राहिल्या. पलीकडचा ओटा पुरा होईल एवढ्या जाईपर्यंत मी टाकीच्या काठावर दोन्ही हात आडवे धरून उभा होतो.